विधवेचा न्यायाधीश किती लांब होता?



लूकच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायातली विधवा आपल्या ओळखीची आहे. दर तीन वर्षांनी रविवारच्या मिस्सेत तिची गोष्ट आपण ऐकतो. तिच्यावर अन्याय झालेला असतो. तिच्या नगरातला न्यायाधीश असा, की त्याला ना देवाचे भय, ना लोकांची लाज. ती पुन्हा पुन्हा त्याच्याकडे जाते आणि शेवटी तो कंटाळून तिला न्याय देतो. प्रार्थनेत खचून जाऊ नका, हा या दाखल्याचा बोध. पण त्यातल्या एका लहानशा गोष्टीकडे आपले सहसा लक्ष जात नाही. न्यायाधीश वाईट होता, तरी तो तिच्याच नगरात होता. तिला रोज उठून त्याच्या दाराशी जाता येत होते. तो शंभर कोसांवर असता, तर त्या गरीब बाईची चिकाटी कितीही मोठी असली तरी कुठवर पुरली असती?

जत किंवा पाटण तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरची बाई डोळ्यांपुढे आणा. तिच्या नवऱ्याचा खून झाला आहे. खटला सांगलीच्या किंवा साताऱ्याच्या सत्र न्यायालयात आहे. तारखेच्या दिवशी मजुरी बुडवून, पहिली एसटी पकडून ती कोर्टात येते. दुपारी कळते, की पुढची तारीख पडली. हे झाले जिल्ह्याच्या ठिकाणी. आरोपीने जामिनासाठी उच्च न्यायालयात अर्ज केला किंवा शिक्षेविरुद्ध अपील केले, तर सांगलीपासून पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास असलेली मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ कोल्हापुरात सुरू झाले आणि सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची ही पायपीट कमी झाली. सांगलीहून कोल्हापूर तासा-दीड तासावर. साताऱ्याहूनही सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येते. चाळीस वर्षांहून अधिक काळ वकिलांनी आणि नागरिकांनी ही मागणी लावून धरली होती.

त्या वेळी अनेकांनी म्हटले, चला, सोय झाली. मला वाटते, हा प्रश्न सोयीपेक्षा मोठा आहे. खटला कुठे चालतो यावर पुष्कळदा हे ठरते, की ज्याच्यावर अन्याय झाला त्याचे कोणी ऐकणार की नाही. म्हणून तो नीतीचा प्रश्न आहे.

गुन्हा जिथे, खटला तिथे

कायद्याचा मूळ नियम साधा आहे. गुन्हा ज्या न्यायालयाच्या हद्दीत घडला, तिथेच सामान्यतः त्याची चौकशी आणि खटला व्हावा. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम १७७ होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १९७ आहे.

या नियमामागचा विचार फार जुना आहे. रूथच्या पुस्तकात बवाज आपले प्रकरण बेथलेहेमच्या वेशीवर नेतो, दहा वडीलधाऱ्यांना बसवून घेतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसमक्ष निकाल होतो. वेशीवर का? कारण तिथे साक्षीदार असतात, माणसांची पारख असलेले लोक असतात आणि लपवाछपवी होत नाही. आपल्याकडे गावच्या गोतसभेमागेही हेच तत्त्व होते. शिवाय गुन्ह्याने एकट्या माणसालाच जखम होत नाही, त्या गावाचा एकमेकांवरचा विश्वासही दुखावतो. म्हणून न्याय त्या गावाच्या डोळ्यांदेखत झालेला बरा.

जवळ कोर्ट असावे याला आणखी एक कारण आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये फलटणच्या उपजिल्हा रुग्णालयात काम करणाऱ्या एका तरुण महिला डॉक्टरचा मृत्यू झाला, तेव्हा सारा जिल्हा हळहळला. त्या प्रकरणात कोणाचा काय दोष, हे न्यायालयाने ठरवायचे आहे, आपण नव्हे. पण तिचे घर बीड जिल्ह्यात. नोकरी, शिक्षण, लग्न यांसाठी आपली मुले दूरच्या गावी राहतात. तिथे काही विपरीत घडले, तर आईबाप परक्या गावात, परक्या पोलीस ठाण्यात, परक्या कोर्टात उभे असतात. नियम बरोबर असला तरी त्याचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो, हे विसरून चालत नाही.

जवळ असूनही बोलता येत नाही तेव्हा

पण जवळचे कोर्ट नेहमीच आधाराचे असते का? आरोपी त्या भागातला वजनदार माणूस असेल, साक्षीदाराला त्याच्याच शेतातून वाट काढून घरी जायचे असेल, पोलीस आणि वकील त्याच्या बैठकीतले असतील, तर वेशीवरचा तोच न्याय भीतीचा होतो. साक्षीदार ऐनवेळी फितूर होतात. आपण त्यांना भित्रे म्हणतो. पण साक्ष देऊन झाल्यावर त्यांना त्याच गल्लीत राहायचे असते.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते. गोतसभा पक्षपाती वाटली, तर तंटा तिऱ्हाईत ठिकाणच्या सभेकडे नेण्याची रीत मराठी मुलखात होती. सत्ताधाऱ्याच्या घरातच गुन्हा घडला तर काय होते, हेही आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. साताऱ्याजवळच्या माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे तेव्हा न्यायाधीश होते. त्यांनी चौकशी करून राघोबादादांना दोषी ठरवले आणि देहान्त हेच या पापाचे प्रायश्चित्त आहे, असे त्यांच्या तोंडावर सांगितले. पण ज्याला शिक्षा द्यायची तोच गादीवर बसलेला. रामशास्त्री पुणे सोडून वाईजवळच्या खेड्यात निघून गेले. नारायणरावांची गर्भवती विधवा गंगाबाई हिला पुढे कारभाऱ्यांनी पुरंदर किल्ल्यावर नेऊन ठेवले. न्यायाधीश निर्भय होता, निवाडा खरा होता, तरीही त्या जागी तो निवाडा अमलात येऊ शकला नाही.

आपल्या काळातली दोन उदाहरणे पाहा. मार्च २००२ मध्ये गुजरातच्या दाहोद जिल्ह्यात बिल्किस बानो या गर्भवती स्त्रीवर सामूहिक बलात्कार झाला. तिच्या तीन वर्षांच्या मुलीसह कुटुंबातल्या अनेकांची हत्या झाली. स्थानिक पोलिसांनी प्रकरण बंद केले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तपास सीबीआयकडे गेला आणि ऑगस्ट २००४ मध्ये खटला मुंबईला हलवण्यात आला. जानेवारी २००८ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने ११ जणांना जन्मठेप सुनावली. घरापासून शेकडो किलोमीटर दूर, जिथली भाषाही आपली नाही अशा शहरात ती स्त्री साक्षीला उभी राहिली. तिच्यासाठी दूरचे कोर्टच खऱ्या अर्थाने जवळचे ठरले.

दुसरे उदाहरण आपल्या सांगलीचे. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगली शहर पोलिसांच्या कोठडीत एका तरुणाचा मृत्यू झाला आणि त्याचा मृतदेह आंबोलीच्या घाटात नेऊन जाळल्याचे उघडकीस आले. खुद्द पोलिसांनाच अटक झाली. इथे गुन्ह्याची जागा म्हणजे जिथे तक्रार नोंदवायची तीच जागा. अशा वेळी त्याच ठाण्याने तपास करावा, असे कोण म्हणेल? तपास राज्याच्या सीआयडीकडे सोपवण्यात आला. कधी खटल्याची जागा बदलावी लागते, तर कधी तपास करणारे हात.

आरोपीचे काय?

कोणी विचारील, मग प्रत्येक फिर्यादीने मागितले की खटला हलवावा का? नाही. आरोपीही माणूस आहे आणि दोष सिद्ध होईपर्यंत तो गुन्हेगार नाही. वाडीवरच्या एखाद्या गरीब तरुणावर खोटा आळ आला आणि त्याचा खटला मुंबईला नेला, तर तो आपले साक्षीदार कसे नेणार? रोजचा खर्च कोण देणार? म्हणून एका बाजूच्या निव्वळ सोयीसाठी खटला हलवला जात नाही. राज्यातल्या राज्यात खटला हलवण्याचा अधिकार उच्च न्यायालयाला आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात हलवण्याचा सर्वोच्च न्यायालयाला आहे. इथे निष्पक्ष न्याय मिळणार नाही, या भीतीला सबळ आधार आहे का, हे त्यांना पाहावे लागते.

पवित्र शास्त्रात खटल्याची जागा बदलल्याची एक ठळक घटना आहे आणि तीत हक्क आरोपीचा आहे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या २३व्या अध्यायात संत पौल यरुशलेममध्ये अटकेत आहे. चाळीसहून अधिक जणांनी त्याला ठार मारल्याशिवाय अन्नपाणी न घेण्याची शपथ वाहिली आहे. त्याच्या भाच्याला हा कट कळतो आणि तो सरदाराला सांगतो. सरदार रातोरात २०० शिपाई, ७० घोडेस्वार आणि २०० भालेकरी देऊन पौलाला कैसरियाला पाठवतो. दोन वर्षांनी नवा सुभेदार फेस्त विरोधकांना खूश करण्यासाठी विचारतो, खटल्यासाठी यरुशलेमला जातोस का? पौल नकार देतो आणि कैसरापुढे न्याय मागतो. शिक्षेपासून पळायचे नाही, पण जिथे न्यायाच्या नावाखाली खून होईल तिथे जायचे नाही, ही त्याची भूमिका.

उलट उदाहरणही शुभवर्तमानातच आहे. येशू गालीली आहे असे कळताच पिलाताने त्याला हेरोदाकडे पाठवले. हद्दीचा मुद्दा कायद्याने बरोबर होता, पण हेतू होता हात झटकण्याचा. हेरोदाने चेष्टा केली आणि परत पाठवले. त्या दिवशी ते दोघे एकमेकांचे मित्र झाले आणि निरपराध माणूस एका दारातून दुसऱ्या दारात फिरत राहिला. आजही पोलीस ठाण्यात, "ही आमची हद्द नाही, तिकडे जा," हे उत्तर ज्याने ऐकले आहे, त्याला पिलात वेगळा समजावून सांगायला नको.

ठिकाण बदलले म्हणजे आरोपी दोषी ठरलाच, असेही नाही. बडोद्याच्या बेस्ट बेकरी प्रकरणात २००३ साली सर्व २१ आरोपी सुटले होते. साक्षीदार उलटले होते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००४ मध्ये महाराष्ट्रात फेरखटल्याचा आदेश दिला. २००६ मध्ये मुंबईत नऊ जणांना शिक्षा झाली. पुढे २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांतल्या पाच जणांना निर्दोष सोडले. जागा बदलायची ती ठरावीक निकाल मिळावा म्हणून नव्हे. खरे बोलणाऱ्याला बोलता यावे आणि ज्याच्यावर आरोप आहे त्यालाही नीट उत्तर देता यावे, एवढ्यासाठीच.

क्षमा कोणी करायची?

आता एक कठीण शंका. "फादर, आपण ख्रिस्ती लोक. प्रभूने क्षमा करायला शिकवले. मग कोर्टकचेरी कशाला?" ही शंका प्रामाणिक आहे. पण पुष्कळदा ती ज्याला लागले त्याच्या तोंडी नसते, बाजूला उभ्या असलेल्यांच्या तोंडी असते.

१३व्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा थिओलॉजिया' या ग्रंथात हा प्रश्न तपासला आहे: न्यायाधीशाला शिक्षा माफ करता येते का? त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. न्यायाधीश आपल्या मर्जीने शिक्षा माफ करू शकत नाही, कारण ज्याच्यावर अन्याय झाला त्याचाही त्यात हक्क गुंतलेला असतो आणि समाजाचे हितही. ज्याच्या हाती सर्वोच्च सत्ता आहे त्याला माफी देता येईल, पण केव्हा? अन्याय झालेला माणूस क्षमा करायला राजी असेल आणि समाजाचे नुकसान होणार नसेल तेव्हा. सुमारे साडेसातशे वर्षांपूर्वी लिहिलेला हा विचार पीडिताला खटल्याच्या मध्यभागी आणतो.

१५ ऑगस्ट २०२२ रोजी काय झाले ते आठवा. बिल्किस बानो प्रकरणातल्या अकराही कैद्यांना गुजरात सरकारने शिक्षेत सूट देऊन सोडले. जिच्यावर अत्याचार झाला होता, तिला कोणी विचारले नाही. ती पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेली. ८ जानेवारी २०२४ रोजी न्यायालयाने ती सूट रद्द केली. मुख्य कारण असे, की शिक्षा महाराष्ट्रातल्या न्यायालयाने दिली होती, म्हणून सूट देण्याचा अधिकार गुजरातला नव्हताच, तो महाराष्ट्र सरकारचा होता. खटल्याची जागा २००४ मध्ये ठरली आणि वीस वर्षांनंतर त्या स्त्रीला तिचाच आधार मिळाला.

याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवा. १३ मे १९८१ रोजी संत पेत्राच्या चौकात पोप दुसरे जॉन पॉल यांच्यावर मेहमेत अली आग्जा याने गोळ्या झाडल्या. चौक व्हॅटिकनच्या हद्दीत, पण १९२९च्या लॅटरन करारात सोय असल्यामुळे खटला रोमच्या इटालियन न्यायालयात चालला आणि जुलै १९८१ मध्ये त्याला जन्मठेप झाली. पोपमहाशयांनी हल्ल्यानंतर चार दिवसांतच त्याला क्षमा केल्याचे जाहीर केले होते. २७ डिसेंबर १९८३ रोजी तुरुंगात जाऊन ते त्याच्याशेजारी बसले. पण खटला थांबवा, असे ते म्हणाले नाहीत. इटलीतल्या तुरुंगातून त्याची सुटका झाली ती २००० साली, इटलीच्या राष्ट्राध्यक्षांनी माफी दिल्यावर. ज्याने जखम सोसली त्याने मनापासून क्षमा केली आणि ज्याला अधिकार होता त्याने शिक्षा माफ केली. अक्वायनस यांनी घातलेली पहिली अट इथे पूर्ण झाली होती.

म्हणून क्षमा ही पीडिताची ठेव आहे. ती त्याच्या वतीने सरकारने, नातेवाइकांनी किंवा धर्मगुरूने परस्पर खर्च करायची नाही. आणि ज्याचे कोणी ऐकूनच घेतले नाही, त्याच्याकडे क्षमा मागणे म्हणजे त्याला दुसऱ्यांदा गप्प बसवणे.

घरातले घरातच?

न्यायाची सर्वांत जवळची जागा म्हणजे आपले घर, आपले आळीचे लोक, आपली संस्था. "बाहेर कशाला जायचे, आपसांत मिटवू," असे आपण म्हणतो. बांधाचा वाद असा मिटला तर देवाचे आभार मानावेत. पण मुलीवर हात टाकला गेला असेल, सुनेला जाळण्याचा प्रयत्न झाला असेल, मुलाचे लैंगिक शोषण झाले असेल, तर घराची ही जवळीकच त्या जिवाचा फास होते. इथे आरोपी आणि न्यायाधीश एकाच ताटात जेवतात.

आपल्या ख्रिस्तसभेनेही जगात अनेक ठिकाणी असे घरातच मिटवले आणि त्याची किंमत लहान मुलांनी मोजली. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये प्रत्येक धर्मप्रांतात तक्रार घेण्याची व्यवस्था बंधनकारक केली आणि अशा प्रकरणांवरचे पोपच्या पातळीवरील गुप्ततेचे बंधन उठवले. आपल्या देशात २०१२च्या पोक्सो कायद्यानुसार, बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे माहीत असूनही न कळवणे हाच गुन्हा आहे. यात धर्मगुरूही आले आणि विश्वस्तही.

आपण काय करू शकतो?

कायद्याने पीडिताला आता काही ठोस हक्क दिले आहेत. ते माहीत असावेत म्हणून इथे देतो.

१. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची पहिली खबर कोणत्याही पोलीस ठाण्याने नोंदवून घेतली पाहिजे. तिची प्रत विनामूल्य मिळते.

२. तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांच्या आत पीडिताला कळवायचे असते.

३. न्यायालयाच्या परवानगीने पीडिताला सरकारी वकिलाच्या मदतीला स्वतःचा वकील देता येतो. लखीमपूर खेरी प्रकरणात एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जामिनाच्या वेळीही पीडिताचे म्हणणे ऐकले पाहिजे, असे सांगितले.

४. आरोपी सुटला तर पीडिताला स्वतः अपील करता येते. ३१ डिसेंबर २००९ पासून हा हक्क आहे.

५. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाईसाठी अर्ज करता येतो. महिला आणि बालकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मदतीचा क्रमांक १५१०० आहे.

६. जिवाला धोका असल्यास साक्षीदार संरक्षण योजनेत अर्ज करता येतो. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही योजना देशभर लागू केली.

हे सारे कागदावर आहे. तारखेच्या दिवशी मात्र माणूस एकटाच एसटीत बसतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर आपल्या साताऱ्याचे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि निकाल लागला १० मे २०२४ रोजी. दोघांना जन्मठेप झाली, तिघे निर्दोष सुटले. जवळजवळ ११ वर्षे. त्या कुटुंबामागे कार्यकर्त्यांचे मोठे बळ होते. ज्याच्यामागे कोणी नाही, त्याने ११ वर्षे कशी काढावीत?

मला वाटते, आपल्या धर्मग्रामाचे काम इथे सुरू होते. आपल्यात निवृत्त शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले आहेत. कोर्टाचा जिना चढताना सोबत करणे, समन्स वाचून समजावणे, बुडालेल्या मजुरीपुरती मदत करणे, साक्षीच्या आदल्या रात्री त्या घरी जाऊन बसणे, यांतले काहीच अवघड नाही. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी आणि महिला मंडळ यांनी आपल्या पुढच्या सभेत यावर विचार करावा, अशी माझी विनंती आहे. धर्म किंवा जात पाहू नये. आरोपीच्या घरीही एक आई असते, तिच्याकडेही कोणी जावे.

दाखल्यातल्या विधवेला न्यायाधीशाचे दार जवळ होते, पण सोबतीला कोणी असल्याचे शुभवर्तमान सांगत नाही. ती कमतरता भरून काढायला आपण आहोत. या रविवारी विश्वासू जनांच्या प्रार्थनेत आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील तारखेची वाट पाहणाऱ्या सर्व कुटुंबांची आठवण करू या.

आपले फादर